‘एकच प्याला’मधील सिंधू : ‘सोसणे’ आणि ‘साथ देणे’ यांतील भेद
(व्यसनग्रस्ताच्या कुटुंबाच्या दृष्टिकोनातून एक पुनर्वाचन)

प्रस्तावना

राम गणेश गडकरी (१८८५-१९१९) यांचे २३ जानेवारी १९१९ रोजी निधन झाले. त्यानंतर महिन्याभराच्या आतच, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, त्यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने बडोदे येथे रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडस यांचा सुधाकर या भूमिकांनी त्या काळचा प्रेक्षक हेलावून गेला. तेव्हापासून आजतागायत हे नाटक मराठी माणसाच्या स्मरणातून गेलेले नाही. ‘तळीराम’ हे विशेषनाम तर मराठीत सामान्यनाम झाले. आपल्या विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांतही या नाटकाला वेळोवेळी मानाचे स्थान मिळत आले आहे.

या नाटकाचे अध्यापन करताना आपण साधारणतः तीन प्रश्नांभोवती फिरतो. नाटकाचा नायक सुधाकर की दारू, हा पहिला प्रश्न. ही शोकांतिका स्वभावदोषातून घडते की व्यसनातून, हा दुसरा. आणि सिंधू ही आदर्श पतिव्रता म्हणून कितपत विश्वसनीय वाटते, हा तिसरा. हे तिन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. परंतु त्यांतील एकही प्रश्न व्यसनी माणसाच्या घरात राहणाऱ्या माणसाचा नाही.

प्रस्तुत लेखिकेला याची जाणीव वर्गात झाली. बी. ए. च्या वर्गात सिंधूचे स्वभावचित्र शिकवून झाल्यावर एक विद्यार्थिनी थांबली आणि तिने विचारले, “मॅडम, मग सिंधूनं नेमकं काय करायला हवं होतं?” त्या वेळी तिला ‘लेखकाला पातिव्रत्याचा आदर्श उभा करायचा होता, त्यामुळे तिच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता’ असे उत्तर देण्यात आले. ते उत्तर परीक्षेच्या दृष्टीने बरोबर होते. विद्यार्थिनीने मान डोलावली आणि ती निघून गेली. तिचा प्रश्न परीक्षेसाठी नव्हता, हे लक्षात यायला मात्र बराच वेळ लागला. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) ‘एकच प्याला’ या नाटकाचे व्यसनग्रस्ताच्या कुटुंबाच्या दृष्टिकोनातून पुनर्वाचन करणे.
२) सुधाकराभोवतीच्या व्यक्तींनी त्याला दिलेल्या आधाराचे स्वरूप तपासणे.
३) ‘सोसणे’ आणि ‘साथ देणे’ या दोन कृतींतील भेद स्पष्ट करणे.
४) या नाटकाच्या अध्यापनासंबंधी काही विचार मांडणे.

अभ्यासपद्धती व मर्यादा

प्रस्तुत लेखात संहितेचे विश्लेषण आणि तौलनिक पद्धती यांचा अवलंब केला आहे. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातील, विशेषतः कुटुंबासंबंधीच्या, ज्ञानाचा आधार घेऊन नाट्यकृतीकडे पाहिले आहे. मात्र साहित्यकृती ही रुग्णाची नोंदवही नव्हे, याचे भान ठेवले आहे. नाटकातील पदे व त्यांचे संगीत यांचा विचार येथे केलेला नाही.

१. सुधाकराभोवतीचे चार हात

सुधाकर हा बुद्धिमान, मानी आणि तापट वकील आहे. भर कोर्टात झालेला अपमान त्याला सहन होत नाही. त्याने दिलेल्या उत्तरामुळे त्याची सनद काही काळापुरती रद्द होते. मनाची आग शांत करण्यासाठी तळीराम त्याच्यापुढे पहिला प्याला धरतो. येथून जे घडते ते सर्वांना परिचित आहे. त्याची पुनरुक्ती न करता, या घसरणीत सुधाकराजवळ कोण होते आणि त्यांनी त्याला काय दिले, एवढेच पाहू.

तळीराम त्याला दारू देतो. तळीरामाला आपण खलपुरुष समजतो, पण अडचणीच्या क्षणी सुधाकराच्या सर्वांत जवळ तोच आहे, हे विसरता येत नाही. अपमानाने जळणाऱ्या माणसाजवळ तो बसतो, त्याचे ऐकतो आणि त्याला एक उपाय सुचवतो. उपाय घातक आहे; जवळीक मात्र खरी आहे. आर्यमदिरामंडळाचे प्रवेश विनोदासाठी लिहिलेले असले तरी त्यांतून एक गंभीर सत्य व्यक्त होते : व्यसनी माणसाला दारूइतकीच दारूच्या बैठकीची गरज असते. तेथे त्याला कोणी जाब विचारत नाही. घराने दारू सोडवण्याचा विचार करताना या बैठकीच्या जागी काय ठेवायचे याचा विचार केला नाही, तर रिकामी जागा पुन्हा तळीरामच भरून काढतो.

रामलाल त्याला उपदेश देतो. रामलाल विवेकी आहे, त्याचे मित्रप्रेम निर्विवाद आहे. पण सुधाकराच्या बाबतीत त्याचे मुख्य साधन वाणी हेच राहते. दारूचे दुष्परिणाम सुधाकराला ठाऊक नाहीत असे नाही. उलट आपण कोणत्या अवस्थांतून गेलो आणि दारू सुटणे का शक्य नाही, हे सुधाकर स्वतःच इतक्या स्पष्टपणे सांगतो की, त्या भाषणापुढे उपदेश फिका पडतो. ज्याला सारे कळते पण वळत नाही, त्याला आणखी कळवून उपयोग नसतो. गडकऱ्यांना हे कळले होते, म्हणूनच त्यांनी व्यसनाचे सर्वांत भेदक विवेचन उपदेशकाच्या तोंडी न घालता व्यसनी माणसाच्या तोंडी घातले.

सिंधू त्याला सेवा देते. माहेरचा आधार नाकारून, दळण दळून ती संसार चालवते. भाऊ पद्माकर तिला नेऊ पाहतो, तरी ती पतीला सोडत नाही. तिच्या सेवेचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

चौथा हात समाजाचा. हा हात काहीच देत नाही; तो दार बंद करतो. सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो आणि काम मागण्यासाठी बाहेर पडतो. ज्यांच्यामध्ये तो काल प्रतिष्ठेने वावरत होता, तेच त्याला झिडकारतात. नव्याने झालेल्या या अपमानातून तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. नाटकाच्या रचनेकडे नीट पाहिले तर पहिल्या प्याल्याच्या आधी अपमान आहे आणि पुन्हा घेतलेल्या प्याल्याच्या आधीही अपमानच आहे. पहिल्या वेळी प्याला पुढे करणारा तळीराम होता. दुसऱ्या वेळी तळीरामाचे काम प्रतिष्ठितांनी केले. या नाटकाला केवळ दारूबंदीच्या प्रचाराचे नाटक म्हणणारी समीक्षा या दुसऱ्या प्याल्याकडे पुरेसे लक्ष देत नाही.

या पार्श्वभूमीवर भगीरथ या पात्राचे महत्त्व लक्षात येते. भगीरथ हाही मद्यपी आहे; आर्यमदिरामंडळाच्या वर्तुळातला आहे. पण तो त्यातून बाहेर येतो. रामलाल त्याला लोकसेवेच्या मार्गाला लावतो. येथे रामलाल केवळ बोलत नाही. तो भगीरथाला काम देतो, विश्वास देतो, जगण्याला कारण देतो. एकाच नाटकात, एकाच मित्राच्या सहवासात एक मद्यपी सुटतो आणि दुसरा बुडतो. या दोघांतील फरक इच्छाशक्तीचा आहे असे आपण वर्गात सांगतो. संहिता मात्र असे सुचवते की, एकाला दार उघडे मिळाले आणि दुसऱ्याला बंद मिळाले.

२. शपथ : निश्चयाची आणि घराची

आपल्या समाजात दारू सोडणे म्हणजे शपथ घेणे अशी समजूत आहे. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून, देवाच्या पायावर हात ठेवून, आईच्या गळ्याची आण घेऊन शपथा घेतल्या जातात. शपथ मोडली की घरातील माणसे म्हणतात, “त्याचं आमच्यावर प्रेमच नाही.” सुधाकराचाही निश्चय मोडतो आणि प्रेक्षकही मनात हेच म्हणतो.

आज वैद्यकशास्त्र वेगळे सांगते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५६ मध्ये मद्यासक्ती हा आजार असल्याचे मान्य केले. आपल्या देशातील मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याच्या व्याख्येतही दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आहे. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम थांबवली तर हातांना कंप सुटणे, झोप उडणे, भास होणे, झटके येणे असे त्रास होऊ शकतात आणि योग्य उपचार न मिळाल्यास ते जिवावर बेतू शकतात. म्हणजे शपथ पाळणाऱ्यालाही डॉक्टरांची गरज असते. शपथ मोडणे हा प्रेमाच्या अभावाचा पुरावा नसून बहुतेक वेळा आजाराचाच एक टप्पा असतो. या क्षेत्रातील जाणकार पुन्हा झालेल्या घसरणीला शेवट मानत नाहीत. उपचारात काय राहून गेले याची ती सूचना मानतात.

येथे वारकऱ्यांच्या माळेचे उदाहरण उद्‌बोधक ठरावे. महाराष्ट्रात अनेकांनी गळ्यात तुळशीची माळ घालून दारू सोडली आहे. माळ हीही एक शपथच आहे. पण माळ घालणारा एकटा राहत नाही. त्याला भजन मिळते, एकादशी मिळते, दिंडीतले सोबती मिळतात. त्याला ‘माऊली’ म्हणून हाक मारणारी माणसे मिळतात. बैठकीच्या जागी दुसरी बैठक येते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या मद्यमुक्तांच्या संघटनेचे सामर्थ्यही सभांच्या अशाच सोबतीत आहे. सुधाकराच्या शपथेमागे अशी कोणतीही दिंडी नव्हती. होती ती एकटी सिंधू, आणि तीही त्याच्याच दुःखात बुडालेली.

याउलट ‘रुग्णाला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती आजही दिसतात. अगतिक झालेली घरची माणसे भाजीत, चहात गुपचूप औषध घालतात. डायसल्फिरामसारखे औषध पोटात असताना दारू घेतली तर गंभीर प्रतिक्रिया होऊ शकते. म्हणूनच ते रुग्णाच्या माहितीने व संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावयाचे असते. प्रेमापोटी केलेली ही चोरी जीवघेणी ठरू शकते. शिवाय ती उघड झाली की घरातील उरलासुरला विश्वासही संपतो.

३. सिंधूचे शेवटचे खोटे

नाटकाच्या अखेरीस सुधाकराच्या हातून मुलाचा मृत्यू होतो आणि सिंधू जीवघेणी जखमी होते. पोलीस येतात तेव्हा मरणासन्न सिंधू आपण पडल्याने जखम झाली असे सांगून पतीला वाचवते. हा प्रसंग आपण पातिव्रत्याचा कळस म्हणून शिकवतो. रंगभूमीवर ठिगळांच्या लुगड्यातील सिंधू हे खोटे बोलते तेव्हा प्रेक्षागृहात डोळे कोरडे राहत नसत.

कुटुंबाच्या दृष्टिकोनातून वाचले असता हे वाक्य वेगळे ऐकू येते. ते आपल्याला ओळखीचे वाटते. “पडले, म्हणून लागलं”, “त्यांना ताप आहे, आज कामावर येणार नाहीत”, “पप्पा झोपलेत, आवाज करू नका”, “पगार अजून झाला नाही” ही वाक्ये महाराष्ट्रातील हजारो घरांत रोज बोलली जातात. सिंधूचे शेवटचे खोटे हे अपवादात्मक नाही. ते या रोजच्या खोट्याचे टोक आहे. घराची अब्रू राखण्यासाठी व्यसनाभोवती एक भिंत उभी केली जाते. त्या भिंतीच्या आत व्यसन सुरक्षित राहते आणि माणसे असुरक्षित होतात.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात या वर्तनाचे निरीक्षण पूर्वीच झाले आहे. व्यसनी माणसाची उधारी फेडणे, त्याच्या वतीने माफी मागणे, त्याच्या कृत्याचे परिणाम स्वतः झेलणे या गोष्टी प्रेमातून होतात. पण त्यामुळे आपल्या पिण्याची किंमत काय आहे हे त्याला कधी दिसतच नाही. बिल दुसराच कोणी भरत असतो. सिंधूने हे बिल आधी श्रमांनी, मग मुलाच्या व स्वतःच्या जिवाने भरले. आणि तरीही तिचे खोटे सुधाकराला वाचवू शकत नाही. कायद्यापासून ते त्याला वाचवते, पण स्वतःपासून नाही; तो विष मिसळलेला प्याला पिऊन जीवन संपवतो. म्हणजे सोसण्याची परिसीमा गाठूनही हाती काही लागत नाही, असा निर्णय खुद्द नाटकानेच दिलेला आहे. समीक्षेने आणि अध्यापनाने मात्र सोसण्याचा गौरव केला आणि निर्णयाकडे दुर्लक्ष केले.

याच नाटकात तळीरामाची पत्नी गीता आहे. ती फटकळ आहे, नवऱ्याचे वर्तन झाकत नाही, जे आहे ते बोलते. लेखकाने तिला विनोदी उपकथानकात ठेवले आणि आपणही तिला तेथेच ठेवले. पण व्यसनाला नाव देऊन ते चारचौघांत बोलणारी पहिली स्त्री या नाटकात गीता आहे. तिच्या बोलण्याने तळीराम सुधारत नाही, हे खरे. सिंधूच्या न बोलण्याने सुधाकरही सुधारत नाही. फरक एवढाच की बोलणाऱ्या स्त्रीवर आपण हसलो आणि न बोलणाऱ्या स्त्रीसाठी रडलो.

४. दोष सिंधूचा का?

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. सिंधूच्या सेवेमुळे व्यसन पोसले गेले असे म्हणणे म्हणजे पुन्हा स्त्रीलाच दोषी ठरवणे नव्हे काय? हा आक्षेप योग्य आहे आणि त्याला इतिहासही आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य मानसशास्त्रात मद्यपींच्या पत्नींमध्येच मुळात काही मनोविकृती असते, अशा स्वरूपाची मांडणी केली जात होती. जोन जॅक्सन या संशोधिकेने १९५४ साली या मांडणीला वेगळी दिशा दिली. मद्यपींच्या पत्नींच्या अनुभवांचा अभ्यास करून तिने दाखवले की, त्यांचे वर्तन ही विकृती नसून एका दीर्घ संकटाला कुटुंबाने दिलेला प्रतिसाद असतो आणि तो टप्प्याटप्प्याने बदलत जातो. आधी समस्या नाकारणे, मग ती मिटवण्याचे एकाकी प्रयत्न, मग घराची विस्कळीत अवस्था, मग व्यसन असतानाही घर सावरून धरण्याची धडपड, मग बाहेर पडण्याचा प्रयत्न, व्यसनी माणसाशिवाय घराची नवी घडी बसवणे आणि तो दारूमुक्त झाल्यास पुन्हा संपूर्ण कुटुंबाची घडी बसवणे असे हे टप्पे आहेत.

हे टप्पे नाटकाला लावून पाहिले तर सिंधू चौथ्या टप्प्यापर्यंत येऊन थांबलेली दिसते. जात्यावर बसलेली सिंधू म्हणजे व्यसन असतानाही घर सावरून धरणारी स्त्री. पाचव्या टप्प्याचे दार पद्माकराच्या रूपाने तिच्यासमोर उघडते आणि ती ते लावून घेते. पण ते लावून घेणारा हात एकट्या सिंधूचा नाही. पतीला सोडून माहेरी राहणाऱ्या स्त्रीला त्या काळी काय प्रतिष्ठा होती? तिच्याजवळ स्वतःचे उत्पन्न नव्हते. हिंदू स्त्रीला देशभर घटस्फोटाचा हक्क देणारा हिंदू विवाह कायदा १९५५ चा. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५ चा. १९१९ च्या सिंधूला १९५५ चा किंवा २००५ चा जाब विचारणे अन्यायाचे ठरेल. म्हणून प्रस्तुत लेखाचा आरोप सिंधूवर नाही. सिंधूला एकटी ठेवणाऱ्या घरावर, समाजावर आणि तिच्या एकटेपणाला आदर्श ठरवणाऱ्या वाचनावर आहे.

५. पतिव्रतेकडून सहचरीकडे

सिंधूने काय करायला हवे होते, या प्रश्नाचे उत्तर मराठी समाजाने काही प्रमाणात पुण्यातच शोधले आहे. १९८० च्या दशकात गर्द अर्थात ब्राउन शुगरचे व्यसन शहरात पसरू लागले, तेव्हा अनिल अवचट यांनी त्याविषयी लेखन केले. ते वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी मदतीचा हात पुढे केला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी त्याची उपचारपद्धती घडवली. तेथे व्यसनी माणसाला ‘रुग्णमित्र’ म्हणतात आणि पत्नींच्या आधारगटाला ‘सहचरी’ असे नाव आहे.

या दोन शब्दांचा समीक्षकाने विचार करावा असे वाटते. ‘पतिव्रता’ या शब्दात स्त्रीच्या व्रताचा केंद्रबिंदू पती आहे. ‘सहचरी’ या शब्दात बरोबर चालणे आहे. बरोबर चालणाऱ्याला स्वतःचे पाय असावे लागतात. आणि दलदलीत उतरलेल्या माणसाला बाहेर काढायचे तर बाहेर काढणाऱ्याचे पाय कोरड्या जमिनीवर असावे लागतात. सहचरी म्हणून एकत्र येणाऱ्या स्त्रिया सर्वांत आधी आपल्यासारख्या दुसऱ्या स्त्रिया पाहतात. जे आजवर केवळ आपल्याच घराचे लांच्छन वाटत होते ते अनेकींचे दुःख आहे, हे कळणे हाच उपचाराचा प्रारंभ होय.

अमेरिकेत १९५१ साली मद्यपींच्या नातेवाइकांसाठी ‘अल-ॲनॉन’ ही संघटना स्थापन झाली. तिच्या शिकवणुकीचे सार तीन गोष्टींत सांगितले जाते : हे व्यसन मी लावलेले नाही, त्यावर माझा ताबा नाही आणि ते मी बरे करू शकत नाही. ‘माझेच काही चुकले असेल’ असे म्हणत जगणाऱ्या आईला किंवा पत्नीला या तीन वाक्यांनी किती मोठे ओझे उतरवता येते, याची कल्पना करता येईल.

परंतु ताबा नाही म्हणजे काहीच करता येत नाही असे नव्हे. अमेरिकेतील रॉबर्ट मेयर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुटुंबीयांना प्रशिक्षण देण्याची एक पद्धती विकसित केली. दारू न पिता घालवलेल्या वेळेची दखल घेणे व तो वेळ सुखाचा करणे, नशेत असताना वाद न घालणे, पिण्याचे नैसर्गिक परिणाम त्याचे त्याला भोगू देणे, उपचाराचा विषय योग्य क्षणी थोडक्यात काढणे, स्वतःच्या जगण्याकडे लक्ष देणे आणि मारहाणीची शक्यता असल्यास स्वतःच्या व मुलांच्या सुरक्षिततेला सर्वांत आधी स्थान देणे ही तिची मुख्य सूत्रे आहेत. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या तौलनिक अभ्यासात या पद्धतीने शिकलेल्या कुटुंबीयांपैकी ६४ टक्के लोकांना आपल्या माणसाला उपचारापर्यंत आणता आले. सर्वांनी एकत्र येऊन त्याला समोरासमोर जाब विचारण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के, तर अल-ॲनॉनच्या धर्तीवरील मदतीत १३ टक्के होते. अल-ॲनॉनचे उद्दिष्ट नातेवाइकाला सावरणे हे आहे, व्यसनी माणसाला उपचारात आणणे हे नव्हे. त्यामुळे या आकड्यांवरून तिला कमी लेखता येत नाही. पण एक गोष्ट स्पष्ट होते. साथ देणे ही जन्मजात सद्‌गुणाची बाब नसून शिकण्याची बाब आहे. सिंधूजवळ प्रेम पुरेपूर होते. शिकवणारे कोणी नव्हते.

या विषयाची व्याप्तीही लक्षात घ्यावी लागेल. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात १० ते ७५ वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यांपैकी सुमारे ५.७ कोटी लोकांना पिण्यामुळे होणाऱ्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे उपचार मिळाल्याचे या सर्वेक्षणात आढळले. उरलेल्या ३७ जणांवर उपचार कोण करते? त्यांच्या घरातली सिंधू करते. जात्यावर बसून, न शिकता, न बोलता.

निष्कर्ष

१) ‘एकच प्याला’ ही केवळ दारूची किंवा स्वभावदोषाची शोकांतिका नसून आधाराच्या चुकीच्या स्वरूपांचीही शोकांतिका आहे. सुधाकराला दारू, उपदेश, सेवा आणि अवहेलना मिळाली. साथ मिळाली नाही.
२) भगीरथाचे सुटणे आणि सुधाकराचे बुडणे यांतील फरक इच्छाशक्तीपेक्षा स्वीकार व काम मिळण्या-न मिळण्याशी अधिक निगडित आहे.
३) सिंधूचे शेवटचे खोटे हे पातिव्रत्याच्या कळसाबरोबरच व्यसनी कुटुंबातील लपवालपवीचेही टोक आहे. तिच्या सोसण्यातून काहीही वाचत नाही, हे नाटकच दाखवते.
४) सोसण्यात माणूस व्यसनाचे परिणाम स्वतः झेलतो, साथ देण्यात तो परिणाम ज्याचे त्याला पाहू देतो, उपचाराचे दार उघडे ठेवतो आणि स्वतःही उभा राहतो.
५) सिंधूच्या एकटेपणाचा दोष सिंधूचा नाही.

समारोप

‘सिंधू : एक आदर्श पतिव्रता’ यावर टीप लिहा, असा प्रश्न आपण वर्षानुवर्षे विचारत आलो. आपल्या वर्गात बसलेल्या साठ-सत्तर विद्यार्थ्यांपैकी काहींच्या घरी काल रात्री काय झाले असेल, याचा विचार प्रश्नपत्रिका काढताना आपण केला नाही. अशा घरातून आलेली मुलगी जेव्हा या प्रश्नाचे उत्तर पाठ करते, तेव्हा ती गुणांसाठी आपल्या आईच्या सोसण्याला आदर्श म्हणून लिहीत असते आणि कदाचित उद्याच्या स्वतःच्या सोसण्याची तयारी करत असते. साहित्याचे अध्यापक म्हणून ही आपली जबाबदारी आहे.

नाटक बदलण्याची गरज नाही. गडकऱ्यांच्या नाटकात आपल्याला हवे ते सारे आहे. प्रश्न मात्र बदलता येईल. ‘सुधाकराला साथ देण्यात कोण कोठे कमी पडले ते साधार स्पष्ट करा’, असे विचारता येईल. गीता व सिंधू यांची तुलना करावयास सांगता येईल. हे नाटक शिकवताना महाविद्यालयाच्या समुपदेशन कक्षाची किंवा जवळच्या व्यसनमुक्ती केंद्राची माहिती वर्गात सहज, कोणाकडेही न पाहता, सांगता येईल.

त्या विद्यार्थिनीचा प्रश्न आज कोणी पुन्हा विचारला तर उत्तर असे देता येईल : सिंधूने प्रेम कमी करायला नको होते, तिने खोटे बोलायला नको होते, पद्माकराने उघडलेले दार लावायला नको होते, आणि यांतील काहीही तिला एकटीने करावे लागायला नको होते. उत्तर देऊन झाल्यावर अध्यापकाने आणखी थोडा वेळ वर्गात थांबावे. कारण प्रश्न विचारणाऱ्याला पुढे काही सांगायचे असू शकते.